दिवसाचा थारा

घुबडं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिन्हीसांजेला विजेच्या तारेवर येऊन बसणारा, मान वरखाली करत आपल्याला निरखणारा पिंगळा कोणत्या गावात दिसत नाही? पण दिवसा दडून बसलेलं घुबड शोधून काढायचं असतं आणि तेही शिकावं लागतं, हे मला आश्विनातल्या एका सकाळी कळलं. दसरा होऊन चार दिवस झाले होते. गवत कमरेइतकं वाढून पिवळं पडू लागलं होतं, विजारीला कुसळं लागली होती. गावाबाहेरच्या एका जुन्या चिंचेत कोतवालाची जोडी, तीन-चार बुलबुल आणि एक शिंपी असा मेळा जमून एकाच फांदीकडे तोंड करून ओरडत होता. मी त्या फांदीवर वीस मिनिटं दुर्बीण रोखून उभा होतो. मला नुसती साल दिसत होती. शेजारी मेंढरं चारणारे एक आजोबा काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "सालीकडं नको बघू. साल कुठं जाड झालीया तेवढं बघ." मी बघितलं. जाड झालेल्या सालीला दोन टोकदार कान होते आणि कानांखाली डोळ्यांच्या जागी दोन बारीक फटी. शिंगळा घुबड होतं. ते झोपलेलं नव्हतं. मी आल्यापासून ते माझ्याकडेच बघत होतं.

शरदातल्या फेऱ्यांमध्ये अनेकांनी लिहिलेल्या टिपणवह्यांतून हे पुस्तक तयार झालं आहे. त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांना मी सोबत होतो, म्हणून प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं. पक्षिनिरीक्षणात नव्याने आलेल्या वाचकाला या विषयाची वाट दाखवावी, त्यात आजवर काय घडलं ते सांगावं आणि हे काम आज का करायचं तेही बोलावं, एवढं मी इथे करणार आहे.

इतर पक्षी संध्याकाळी ज्या झाडांवर मुक्कामाला जमतात त्या जागेला आपले पक्षिनिरीक्षक रातथारा म्हणतात. घुबडांची रात्र कामाची. त्यांचा विसावा उजाडल्यावर सुरू होतो, म्हणून त्यांच्या जागेला आम्ही दिवसाचा थारा म्हणू लागलो. थारा म्हणजे घरटं नव्हे, हे नव्या वाचकाने आधी ध्यानात घ्यावं. घरटं विणीपुरतं असतं. थारा वर्षभर लागतो. घुबडाला पाठीशी काहीतरी भक्कम हवं असतं: बुंधा, कडा, भिंत. डोक्यावर सावली हवी, समोरून उडून जायला मोकळी वाट हवी, आणि कावळ्यांच्या नजरेपासून आडोसा हवा. अशी जागा एकदा जमली की घुबड महिनोन्महिने त्याच फांदीवर, कित्येकदा फांदीच्या त्याच वितीवर येऊन बसतं. त्याच्या या सवयीमुळेच आपल्याला ते शोधता येतं, आणि याच सवयीमुळे ते मारणाऱ्यालाही सापडतं.

शरदच का, हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. युरोप-अमेरिकेतली पुस्तकं वाचून आलेल्यांना वाटतं की या ऋतूत पानं गळतात, फांद्या उघड्या पडतात आणि घुबडं दिसू लागतात. तिकडे ते खरं आहे. आपल्याकडची पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनात. आश्विन-कार्तिकात सह्याद्रीच्या पायथ्याची झाडं भरगच्च असतात आणि आमराईत भरदुपारीही अंधार असतो. तरीही आम्ही याच दिवसांत निघतो, कारण पाऊस थांबलेला असतो. चार महिने पावसाने फांद्या, दगड आणि जमीन धुऊन काढलेली असते. घुबडाने टाकलेली प्रत्येक खूण वाहून गेलेली असते. पाऊस थांबला की खुणा पुन्हा साठू लागतात, आणि साठलेली प्रत्येक खूण ताजी असते. फाल्गुनात दिसणारा शिटेचा पांढरा ओघळ तीन महिन्यांपूर्वीचा असू शकतो. कोजागिरीच्या सुमाराला दिसणारा ओघळ याच पंधरवड्यातला असतो. शिवाय याच काळात खरिपाची कापणी होते, उंदीर उघड्यावर येतात, जोड्या आपापल्या हद्दीसाठी घुमू लागतात, आणि दख्खनच्या माळांवर आखूडकानी घुबडासारखा उत्तरेचा पाहुणाही उतरतो.

महाराष्ट्रातल्या घुबडांची आणि त्यांच्या थाऱ्यांची ओळख करून घ्यायची तर गावातूनच निघावं. पिंगळा वडाच्या, चिंचेच्या किंवा आंब्याच्या ढोलीत जोडीने राहतो. थंडीची चाहूल लागली की सकाळी दोघं ढोलीच्या तोंडाशी येऊन अंगाला अंग लावून ऊन खात बसतात. नवशिक्याला सगळ्यांत आधी दिसणारा थारा हाच. गव्हाणी घुबड माणसाच्या वस्तीतच थारा शोधतं: वाड्यांचे माळे, देवळांची शिखरं, किल्ल्यांचे पडके बुरूज, ओस पडलेल्या गिरण्या. त्याचा पांढरा, हृदयाच्या आकाराचा चेहरा अंधाऱ्या माळ्यावर अचानक समोर आला की माणूस दचकतो, आणि भुताच्या कितीतरी गोष्टींचा उगम तिथेच असावा असं मला वाटतं. शृंगी घुबड गावापासून थोडं लांब, ओढ्याच्या घळीत, मातीच्या कड्यात, बंद पडलेल्या दगडखाणीत बसतं. त्याच्या डोक्यावरची शिंगं आणि माझ्या चिंचेवरच्या घुबडाचे ते कान म्हणजे नुसते पिसांचे तुरे. खरे कान चेहऱ्याच्या कडेला पिसांखाली दडलेले असतात.

जुन्या आमराईचं घुबड मात्र वेगळं. राखाडी, तांबूस आणि पांढऱ्या नक्षीचं, तुरे नसलेलं, गडद डोळ्यांचं हे वनघुबड मला सगळ्या घुबडांत देखणं वाटतं. ते आंब्याच्या दाट शेंड्यात बसतं आणि चाहूल लागताच आवाज न करता पलीकडच्या झाडावर निघून जातं. बहुतेक वेळा आपल्याला ते गेलेलं दिसतं, बसलेलं दिसत नाही. मासे आणि खेकड्यांवर जगणारं मत्स्य घुबड ओढ्याकाठच्या जांभळा-करंजांच्या गर्दीत असतं. आखूडकानी घुबड मात्र झाडावर बसतच नाही म्हटलं तरी चालेल. ते माळावरच्या गवतात जमिनीवर बसतं, आणि पायाखालून उडेपर्यंत तिथे काही होतं याचा पत्ता लागत नाही. म्हणून गवताळ माळावर आम्ही पायवाट सोडत नाही.

थारा शोधायचा म्हणजे आधी वर बघायचं नाही, खाली बघायचं. झाडाच्या बुंध्याशी, पालापाचोळ्यावर, दगडांवर चुना सांडल्यासारखे डाग असतात. बगळ्यांच्या आणि पाणकावळ्यांच्या झाडाखालीही असे डाग दिसतात, पण ते झाडभर पसरलेले असतात; घुबडाचे एकाच फांदीच्या रेषेत पडतात. त्या डागांजवळ गोळ्या मिळतात. घुबड उंदीर सगळाच्या सगळा गिळतं. मांस पचतं, केस, हाडं, दात, किड्यांची कवचं यांची पोटात गोळी बनते आणि काही तासांनी ते ती ओकून टाकतं. गव्हाणी घुबडाची ताजी गोळी काळसर आणि लाख दिल्यासारखी चकचकीत असते. पिंगळ्याची लहान आणि भुसभुशीत, किड्यांच्या कवचांनी भरलेली. गोळी कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने उकलली की उंदराची अखंड कवटी, चिचुंद्रीचा जबडा, कधी पाकोळीचं हाड हाती येतं. सातवी-आठवीतल्या मुलांसमोर ही गोळी एकदा उकलून दाखवावी. त्यानंतर त्या वर्गात घुबडाला कोणी अपशकुनी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

गोळ्यांहूनही भरवशाची खूण म्हणजे लहान पक्ष्यांचा कालवा. कोतवाल, टकाचोर, सातभाई, बुलबुल, शिंपी, अगदी खारसुद्धा, दिवसा घुबड दिसलं की त्याच्याभोवती जमून आरडाओरडा करतात. रात्री ज्याच्यापुढे आपलं काही चालत नाही त्याला दिवसा उजेडात सर्वांसमोर उघडं पाडायचं, असा हा बेत असतो. या ओरड्याचा सूर ओळखायला शिकावं. सापासाठी पक्षी खाली बघून ओरडतात आणि साप सरकेल तसे सरकतात. शिकऱ्यासाठी एकच तीव्र इशारा येतो आणि सगळे गप्प होतात. घुबडासाठी मात्र ते एकाच जागी टिकून, वर्तुळ करून, बराच वेळ ओरडत राहतात. आजोबांना ते घुबड मेंढरांमागे चालताना याच सुरावरून कळलं होतं. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती आणि त्यांना तिची गरजही पडली नव्हती.

आता या शोधाचा इतिहास. घुबडांचा दिवसाचा थारा शोधून काढल्याची माझ्या माहितीतली सर्वांत जुनी गोष्ट पंचतंत्रात आहे. तिसऱ्या तंत्राचं नावच 'काकोलूकीय'. घुबडांचा राजा अरिमर्दन रात्री वडावरच्या कावळ्यांवर हल्ला करतो. मग कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी फितूर झाल्याचं सोंग करून घुबडांच्या गुहेत शिरतो, घरट्याच्या निमित्ताने दाराशी काटक्या साठवतो आणि भर दिवसा, घुबडांना काही दिसत नाही अशा वेळी, कावळ्यांकरवी त्या पेटवून देतो. महाभारताच्या सौप्तिक पर्वात नेमकं उलटं आहे: वडाखाली बसलेला अश्वत्थामा झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड पाहतो आणि झोपलेल्या पांडवसैन्यावर छापा घालायचं ठरवतो. पक्ष्यांच्या नजरेने पाहिलं तर दोन्ही गोष्टींत निरीक्षण पक्कं आहे. कावळा आणि घुबड यांचं वैर खरं आहे आणि दोघं एकमेकांना झोपेत गाठतात हेही खरं. चुकलेलं एकच आहे. घुबडाला दिवसा दिसतं, आणि चांगलं दिसतं.

पण पंचतंत्रातल्या त्या गुहेत मला दुसरंही काही दिसतं. थारा शोधायचा तो जाळण्यासाठी, असं या शोधाच्या सुरुवातीलाच ठरून गेलं होतं. पुढे दीर्घ काळ घुबडाचा ठिकाणा माहीत असणं आणि घुबडाला मारणं या दोन गोष्टी जोडीनेच चालल्या.

लोकपरंपरेने मात्र याच ठिकाण्याभोवती भीतीचं कुंपणही घातलं. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड उचलून पाण्यात घासतं आणि दगड झिजत जाईल तसा मारणारा झिजतो. घुबडासमोर कोणाला नावाने हाक मारू नये, ते रात्री तेच नाव घेतं. माझ्या आजीने हे मला गंभीरपणे सांगितलं होतं. या समजुतींना मी अंधश्रद्धा म्हणून एका वाक्यात निकालात काढत नाही. त्यांनी घुबडाला बदनाम केलं हे खरं, पण पोरांच्या हातातला दगडही त्यांनीच खाली ठेवायला लावला. पहाटे कंदील घेऊन दारोदार येणारा, पक्ष्याची बोली कळते अशी ख्याती असलेला पिंगळा जोशी तर या पक्ष्याचंच नाव लावून हिंडत असे. आदिवासी आणि भटक्या समाजांत या पक्ष्यांच्या सवयींची जी माहिती आहे, तिची दखल छापील पक्षिशास्त्राने फार उशिरा घेतली. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावं गोळा केली, हे त्यांचं मोठं काम. नावासोबत माहितीही टिकते.

एकोणिसाव्या शतकात बंदुकीचं पक्षिशास्त्र आलं. घुबड मारायचं, कातडं सोलून कापूस भरायचा, चिठ्ठी बांधायची आणि संग्रहालयात पाठवायचं. या पद्धतीला आज नावं ठेवणं सोपं आहे, पण आपल्या घुबडांची पहिली अचूक वर्णनं तिनेच दिली. तिची थोरवी आणि तिचा दोष एकाच पक्ष्यात पाहायला मिळतात: रानपिंगळा. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एक लहान घुबड टिपलं. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ते नवी जात म्हणून जगासमोर आणलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव येतं तेच हे ह्यूम. त्यानंतर खानदेशात सनदी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांना सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याच्या परिसरात हा पक्षी मिळाला. १८८४ नंतर मात्र तो कोणालाच दिसेना. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी होती.

त्या सातांतलं एक कातडं रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं की १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला मिळालं. ही नोंद खरी मानून अनेकांनी चुकीच्या मुलखात शोध घेतला. सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनाही रानपिंगळा सापडला नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी सगळी कातडी टेबलावर घेऊन तपासली आणि त्यांना संशय आला. माइनर्ट्झहागन यांचं ते कातडं ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेलं, उकलून पुन्हा नव्याने भरलेलं, मुळात डेव्हिडसन यांनी मिळवलेलं निघालं. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोधाची जागा आपोआप उरली. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे निघाले. आधीच्या ठिकाणी निराशा झाली, मग ते शहाद्याला आले, आणि २५ नोव्हेंबरच्या सकाळी बेन किंग यांना झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. हा पक्षी दिवसाही वावरतो, उजेडात शिकार करतो. तो लपलेला नव्हता. शोधणारे खोट्या पत्त्यावर गेले होते.

ही गोष्ट मी इतकी लांबवली, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि तिच्यात या सगळ्या विषयाचं सार आहे. एका खोट्या पत्त्याने शोध कित्येक वर्षं भरकटला आणि जपून ठेवलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांनी तो पुरा झाला. पुढे मेळघाट, तोरणमाळ, यावल इथे आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात रानपिंगळ्याची नोंद झाली. २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आणलं गेलं. धोका संपला असा याचा अर्थ नाही.

बंदूक खाली ठेवून वही हातात घेतली ती विसाव्या शतकाने. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने आणि सालिम अलींच्या १९४१ च्या पुस्तकाने सामान्य माणसाला पक्षी जिवंत पाहायची सवय लावली. याच शतकात गोळ्यांच्या अभ्यासाला शास्त्राचं रूप आलं. घुबड न मारता त्याचा आहार कळू लागला. १९५० च्या दशकात रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून दाखवलं की गव्हाणी घुबड केवळ आवाजाच्या जोरावर उंदीर पकडतं. १९७८ मध्ये एरिक नुडसन आणि मासाकाझू कोनिशी यांनी त्या घुबडाच्या मेंदूतला आवाजाचा नकाशाच मांडला. एक कान थोडा वर, एक थोडा खाली, म्हणून आवाज कुठून आला हे त्याला उंचीसकट कळतं. हे वाचल्यापासून मी थाऱ्याजवळ कुजबुजणंही सोडलं.

यातूनच आजचे दोन मोठे पंथ आले. एक कानाचा: संध्याकाळी आणि पहाटे उभं राहून हाका ऐकायच्या, दिशा टिपायच्या आणि दिवसा त्या दिशेने थारा शोधायचा. दुसरा कॅमेऱ्याचा: फोटो काढायचा आणि ठिकाणासह नोंद टाकायची. कानाचा पंथ मला जवळचा वाटतो, हे लपवत नाही. कॅमेऱ्याने नोंदी वाढल्या, जाती नेमक्या ओळखता येऊ लागल्या, ई-बर्डसारख्या व्यासपीठांमुळे देशभराचा नकाशा तयार होतो आहे. हे सगळं मोलाचं आहे. पण रात्री ध्वनिमुद्रित हाक वाजवून घुबडाला जवळ ओढणं, तोंडावर झोत टाकणं, फांदी हलवून डोळे उघडायला लावणं, याला मी पक्षिनिरीक्षण म्हणणार नाही. घुबडाने आपल्याकडे रोखून पाहिलं, तुरे उभारले, अंग आक्रसून काठीसारखं केलं, की ते घाबरलेलं आहे. लोक नेमका तोच फोटो सगळ्यांना दाखवतात.

आता हे काम आजच का हवं त्याबद्दल. आश्विनातली अमावास्या, लक्ष्मीपूजनाची रात्र. लक्ष्मीचं वाहन मानल्या गेलेल्या घुबडाचा देशात काही ठिकाणी त्याच रात्री तोडग्यांसाठी बळी दिला जातो. त्याच्या आधीचे दोन महिने पारध्यांच्या आणि दलालांच्या धंद्याचे. २०१० साली वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या सुमारे ३० जातींपैकी १५ जाती चोरट्या व्यापारात आढळल्याचं म्हटलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, मारणं, विकणं गुन्हा आहे, तरी व्यापार चालतो, कारण तो दिवसा चालतो: झोपेच्या जागेवर डिंक किंवा जाळं लावलं की झालं. म्हणजे आम्ही ज्या आठवड्यांत थारे शोधत फिरतो, त्याच आठवड्यांत तेच थारे दुसरेही शोधत असतात, त्याच खुणांवरून.

दुसरा घाला झाडांवर आहे. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. रस्ते रुंद करताना सगळ्यांत आधी जातात ते कडेचे जुने वड आणि चिंचा. २०२१ मध्ये राज्याच्या वृक्षविषयक कायद्यात ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालं, पण ढोली असलेलं झाड अजूनही 'पोखरलेलं, धोकादायक' म्हणून तोडलं जातं. तिसरा घाला उंदरांच्या विषाचा. विष खाल्लेला उंदीर सुस्तावतो आणि सुस्तावलेला उंदीर सर्वांत आधी घुबडाच्या तावडीत सापडतो. इस्राएलमध्ये १९८३ पासून स्डे एलियाहू या किबुत्झने, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीने, शेतात गव्हाणी घुबडांसाठी पेट्या बसवल्या आणि विषाचा वापर घटवण्याची वाट दाखवली. पुढे सरहद्दीपलीकडे जॉर्डनचे आणि पॅलेस्टाइनचे शेतकरीही या कामात आले. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला परदेशी दाखला लागू नये, पण तो आहे.

आशेची चिन्हंही आहेत. २०२० पासून राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे नेमका आमच्या फेऱ्यांचा काळ. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांचा उत्सव भरवला. गावातल्या पोरांनी घुबडांची चित्रं काढली आणि मुखवटे लावले. ज्या पक्ष्याचं नाव शिवीसारखं वापरलं जातं, त्याचा उत्सव एका गावात झाला, याचं मोल मोठं आहे.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी मला एका घळीत शृंगी घुबडाच्या जोडीचा थारा मिळाला. दोन हिवाळे मी तो एकटा पाहत होतो. तिसऱ्या वर्षी आनंदाच्या भरात मी तो एका ओळखीच्या माणसाला सांगितला, त्याने आणखी चौघांना. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिथे गाड्या उभ्या होत्या, घळीच्या तोंडाशी माणसं होती. पुढच्या आठवड्यात घळ रिकामी होती. ती जोडी उठून गेली की कोणी उचलली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांच्या शिटेचे डाग पुढच्या पावसापर्यंत दगडावर होते.

म्हणून हे पुस्तक ज्या रीतीने लिहिलं आहे, ती रीत वाचकाने समजून घ्यावी. यात जातींची यादी आहे, पण ती ओळखण्यापुरती. भर आहे तो पाहण्यावर: झाडं कशी वाचावीत, ओरड्याचा सूर कसा ओळखावा, गोळी कशी उकलावी, किती अंतरावर थांबावं, कधी मागे फिरावं. काही टिपणं निव्वळ अपयशाची आहेत. सहा तास चालून काही न मिळालेल्या दिवसाचंही टिपण यात आहे आणि ते मला या संग्रहातलं उत्तम लेखन वाटतं. मेंढपाळांचं, आमराईच्या राखणदारांचं, खाणमजुरांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत ठेवलं आहे. त्यांच्या माहितीला कोणी 'किस्से' म्हणू नये, ती क्षेत्रातली नोंद आहे. फोटो थोडे आहेत आणि डोळे वटारलेल्या घुबडाचा एकही नाही.

नव्या वाचकाला एवढीच विनंती. पहिल्या शरदात काहीही शोधू नका. घराजवळच्या एका जुन्या झाडाखाली आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं उभे राहा, जमीन पाहा आणि घरी या. खुणा दिसल्या तर वहीत लिहा. घुबड दिसलं तर तीन पावलं मागे या. झाडाच्या मालकाला भेटा, त्याला गोळी दाखवा, ती कोणी टाकली ते सांगा. झाड तोडायचं की ठेवायचं हे शेवटी तोच ठरवणार आहे. आणि ठिकाणा कोणालाही सांगू नका, फोटोतूनही नाही.

या पुस्तकात एकाही थाऱ्याचा पत्ता नाही. गावांची नावं आम्ही जाणूनबुजून काढली आहेत. सुरुवातीला सांगितलेली ती चिंच अजून उभी आहे.